पाच बोटांची वही

१

बायकोच्या, वत्सलाच्या, तेराव्याचं जेवण आटोपलं, पाहुणे बस गाठायला निघून गेले, आणि चारच्या चहाला जयराम विशेंना कळलं की वही गेली.

किन्हवलीतल्या त्यांच्या घरात चारच्या चहाबरोबर एक खेळ चालायचा. वत्सला शिकलेली चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं तिने पन्नाशी उलटल्यावर शेजारच्या दिशाकडून शिकून घेतली. मग तिला नाद लागला. खताची गोणी, साबणाचा कागद, कसाऱ्याच्या फलाटावरची पाटी, जिथे छापील इंग्रजी शब्द दिसेल तिथे ती बोटांवर अक्षरं मोजायची. पाच बोटांत बसला तर तो शब्द तिचा. ‘युरिया’ला इंग्रजीत चारच अक्षरं निघाली तेव्हा ती हळहळली होती. म्हणाली, "एक बोट उपाशी राह्यलं."

वहीत एकेका अक्षराला एक पान होतं. शब्दात जी अक्षरं असतील, त्यांतल्या ज्या अक्षराचं पान सगळ्यात रिकामं, तिथे तो शब्द जायचा. डाव्या बाजूला तारीख आणि शब्द. उजवी बाजू जयरामची. चहा घेताना ती एकेक अक्षर म्हणायची आणि विचारायची, "ओळखा बघू, कुठं गावला?" जयराम तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. शहापूर-मुरबाड पट्ट्यातली प्रत्येक पाटी त्यांच्या डोळ्याखालून गेलेली. ते जागा सांगायचे. बरोबर आली की उजवीकडे लिहायची, पुढे खूण करायची. चुकली तर काही लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा.

त्या दिवशी घर रिकामं झालं आणि सुनेने, प्रियांकाने, चहा आणून ठेवला. तेरा दिवसांत पहिल्यांदाच जयरामनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली. मांडीवर घेतली. वजन तेच होतं. आत हात घालून वही काढली.

ती वत्सलाची नव्हती. तिच्या वहीला कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं, कमळाच्या चित्राचं कव्हर होतं. ही खाकी कव्हरची होती. उघडली तर पहिल्या पानावर महाराष्ट्राचा नकाशा आणि खाली नाव, प्रणित जयराम विशे, इयत्ता नववी, विषय भूगोल.

प्रणित, त्यांचा मुलगा, ओटीवर सतरंज्या गुंडाळत होता. तो म्हणाला, "बाबा, असंल कुठंतरी. तेरा दिवस माणसांची नुसती ये-जा."

"हरवली असती तर पिशवी रिकामी असती," जयराम म्हणाले. "ही कुनीतरी भरून ठेवलीय."

२

कंडक्टरकीत जयराम एक गोष्ट शिकले होते. तिकीट न काढलेला माणूस फार बोलत नाही, तो खिडकीबाहेर बघतो. म्हणून त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. समोर बसून विचारायचं आणि डोळे बघायचे, एवढंच ठरवलं.

वत्सला गेल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वही जागेवर होती. त्या दिवशी त्यांनी स्वतः खुंटीवरच पिशवीचं तोंड उघडून डोकावलं होतं. कॅलेंडरवरच्या कमळाची पाकळी दिसली तशी पिशवी सोडून दिली होती. म्हणजे जे झालं ते त्यानंतर.

"माझी भूगोलाची वही?" प्रणितने ती हातात घेतली आणि उलटसुलट केली. "ही अजून घरात हाये? मला वाटलं कवाच रद्दीत गेली."

"कुठं होती असंल?"

"मला काय म्हाईत. आईच ठेवायची सगळं."

तो थेट बापाकडे बघत होता. वासिंदच्या कारखान्यात पाळी करणारा सरळ गडी. मागे एकदा त्याने आईला मोबाइलवर पाच अक्षरी शब्दांची लांबलचक यादी पाठवली होती. वत्सलाने ती वाचलीसुद्धा नाही. ‘मी स्वतः उभी राहून बघितला तोच शब्द माझा, आयता नको,’ असं तिने सांगितलं होतं. प्रणितला ते लागलं होतं, पण लागलं म्हणून वही पळवणाऱ्यातला तो नव्हता.

प्रियांका भांडी पुसत होती. तिने पुसायचं थांबवलं नाही, पण बघितलं थेट त्यांच्याकडेच.

"बाबा, मला विचारताय म्हणजे संशय आलाच. आईंनी मला त्या वहीला कधी हात लावू दिला नाय. हात ओले असतात म्हणायच्या. मी एकदाच बोलले, फोनमध्ये फोटो काढून ठेवते. त्याला पण नाय म्हणाल्या."

"संशय नाय गो. विचारतो फक्त."

"मग सगळ्यांनाच विचारा. रविनाताईंना पण विचारा. मी सकाळपासून चुलीपाशी मरत होते आणि त्या देवघराच्या दारात उभ्या. भटजींना दोनदा विचारलं, किती वेळ लागेल. आईचा तेरावा आणि लेकीला घरी जायची घाई."

रविना म्हणजे जयरामची थोरली लेक, मुरबाडला दिलेली. दुपारी निघताना ती बापाच्या पाया पडली होती. उठली तेव्हा तिने वर बघितलं नव्हतं. रडून डोळे सुजलेत म्हणून असेल, असं जयरामना वाटलं होतं.

"तिच्या घरी सासू आजारी आहे," ते म्हणाले.

"मग मी कुठं काय म्हणते," प्रियांका म्हणाली, आणि पातेलं पालथं घातलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी जना आली. डोंगरावरच्या वाडीतली, रानभाजी घेऊन यायची आणि वत्सलाजवळ दोन तास बसून जायची. दहाव्या दिवशी वत्सलाचं अंथरूण आणि लुगडी तिलाच दिली होती. अंथरुणाच्या घडीत वही गेली असेल, असा जयरामना एक अंदाज होता.

"मना कशाला रं दादा वही," जना उंबऱ्याशी बसत म्हणाली. "हातरूण मी झाडून घेतलं. उशीखाली तिची सुपारी निघाली, ती बी आणून दिली तुला."

"चुकून चुलीत गेली नसंल ना?"

जनाने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "लिवलेला कागद चुलीत कोन घालंल? तुजी बायको माज्या पुड्याचा कागद बी वाचून घडी करून ठेवी." मग म्हणाली, "तिला डोंगर चढवत नव्हता रं. आंदाच्या सालात एकदा बी वाडीवर आली नाय. मी म्हनलं, म्हातारी झालीस. हसली नुस्ती."

जयरामनी मान हलवली. त्यांनाही तसंच वाटलं होतं. पाणी भरताना ती विहिरीच्या कठड्यावर टेकायची. साठी आली, दम लागणारच. तेरा-चौदा दिवसांपूर्वी ती तशीच कठड्यावर टेकली आणि उठली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत होते, अचानक गेली.

दिशा शिकवणी घेऊन दुपारी आली. तिच्या वर्गात चाळीस पोरं इंग्रजी शिकायची आणि वत्सलाची वही त्यांना दाखवायची तिची फार इच्छा होती. ही इच्छा तिने लपवली नाही.

"मी मागितली होती काका. काकू म्हणाल्या, उजवी बाजू पुरी झाली की नेऊन दाखव."

"मग आता नेलीस काय?"

"तशी नेली असती तर पोरांना काय तोंड दाखवलं असतं? मी तेरा दिवस तुमच्या देवापुढे दिवा लावायला येत होते. दिवा लावायचा आणि मागच्या मागे जायचं. तुम्हाला सुतक, तुमच्यातलं कुणी देवाला शिवणार नाही, म्हणून आईने मला पाठवलं. दुसऱ्या कशाला हात नाही लावला."

ती बापाच्या वयाच्या माणसाकडे नीट बघत होती. खिडकी उजव्या हाताला होती. तिकडे तिची नजर गेली नाही.

ती गेल्यावर जयराम ओटीवर येऊन बसले. चौघांना विचारून झालं होतं आणि चौघांनीही डोळ्याला डोळा दिला होता. पण दिशा जाता जाता जे बोलली ते त्यांच्या डोक्यातून जाईना. तुमच्यातलं कुणी देवाला शिवणार नाही.

४

वही घराबाहेर नेण्यासाठी पिशवीत दुसरी वही भरायची गरज नव्हती. पिशवीसकटच नेता आली असती. भरली म्हणजे नेणाऱ्याला वेळ हवा होता, वही लगेच घराबाहेर गेली नव्हती. जयराम रोज त्या खुंटीकडे बघतात पण आत बघत नाहीत, हे त्याला माहीत होतं. वर्षभर वहीला त्यांचा हातच लागला नव्हता, हेही माहीत होतं. हल्ली ते बातम्या बघता बघता जागा सांगून टाकायचे आणि वत्सला आपली आपणच उजवीकडे लिहून घ्यायची.

मग वही ठेवली कुठे? तेरा दिवसांत हे घर पोटातून बाहेर काढल्यासारखं झालं होतं. माळ्यावरची भांडी उतरली, तांदळाची कणगी उपसली, ट्रंका हलल्या, सतरंज्या-चादरी सगळ्या झटकल्या गेल्या. वीस माणसांचा हात न लागलेली जागा अख्ख्या घरात एकच होती.

जयराम उठले, हातपाय धुतले आणि देवघरात गेले. पोथ्या लाल फडक्यात बांधलेल्या होत्या. त्यांनी गठ्ठा उचलला. नेहमीपेक्षा जड लागला. गाठ सोडली. दोन पोथ्यांच्या मधोमध कॅलेंडरवरचं कमळ होतं.

त्यांनी वही छातीशी धरली नाही की काही नाही. तिथेच पाटावर बसले आणि आधी ही गाठ कुणी बांधली याचा विचार केला.

सुतकात देवाला घरचं कुणी शिवलं नसतं. प्रणित नाही, प्रियांका नाही, भावकीतलं कुणी नाही. जना तर आतल्या खोलीत येतच नसे. राहिली दिशा. पण विशेंच्या माळ्यावर कुठल्या ट्रंकेत प्रणितचा नववीचा भूगोल आहे, हे दिशाला कसं कळणार? खुद्द प्रणितलाच ते ठाऊक नव्हतं.

ते ज्याला ठाऊक असेल ते माणूस याच घरात वाढलेलं असणार, आणि तरीही त्याला सुतक नसणार. असं माणूस एकच. दिलेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवस. चौथ्या दिवशी रविना अंघोळ करून मोकळी झाली होती. भावाच्या वह्यांतली कोरी पानं फाडून ती लहानपणी त्यांवर लिहायची आणि उरलेल्या वह्या आईबरोबर ट्रंकेत लावून ठेवायची. लपवायला जागा तिने नामी शोधली होती. चुकली ती एका ठिकाणी. सुतक फिटतं त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी देवघरातच होते, हे तिच्या लक्षात आलं नाही. सकाळपासून भटजी मध्ये बसले. ती दारात उभी राहिली, दोनदा विचारलं, आणि शेवटी हात हलवत मुरबाडला गेली.

कुणी ते कळलं. का, ते कळेना. आईची वही तिने मागितली असती तर जयरामनी दिली असती.

त्यांनी वही उघडली.

५

सव्वीस पानं. क्ष-किरणातल्या ‘एक्स’च्या पानावर चारच शब्द. बाकी पानं बऱ्यापैकी भरलेली, आणि उजवी बाजूही भरलेली. सुरुवातीला जयरामचं अक्षर, पुढे वत्सलाचं. मोटर, पाटलांचा पंप. मँगो, सरबताची पेटी. ट्रेन, कसारा फलाट. ग्रेन, रेशनचं पोतं. प्रत्येकापुढे खूण.

पण मधूनच एखाद्या ओळीची उजवी बाजू कोरी होती. ‘के’च्या पानावर एक. ‘क्यू’च्या पानावर एक. ‘बी’च्या, ‘व्ही’च्या. जयरामनी मोजल्या. पूर्ण वहीत न ओळखलेले शब्द अकरा. वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले, त्यामुळे नुसती पानं उलटणाऱ्याला काही कळलं नसतं.

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि अकरा शब्द तारखेप्रमाणे खाली उतरवले. अकरा शब्दांना तारखा चारच. चारही गुरुवार. गुरुवारी वत्सला मुरबाडला लेकीकडे जायची.

पहिला गुरुवार: टोकन, क्यू, स्टाफ, फ्लोअर.

दुसरा: नर्स, ब्लड, पल्स.

तिसरा: चेस्ट, रिलॅक्स.

चौथा: हार्ट, वाल्व.

जयरामना इंग्रजी फार येत नसे, पण एवढं येत होतं. आणि वत्सलाचा नियमही ठाऊक होता. जो शब्द वहीत आहे त्याच्यासमोर ती स्वतः उभी राहिलेली आहे.

त्यांना आठवायला लागलं. गेल्या वर्षी चहाला ती म्हणाली होती, "क्यू, यू, ई, यू, ई. पाच जनं उभी हायेत आणि बोलतो एकटा. ओळखा, कुठं?" ते म्हणाले होते, साखर कमी पडलीय गो. ‘टोकन’ तर तिने तीनदा विचारला. पहिल्यांदा ते म्हणाले, बँकेत. ती म्हणाली, नाय. दुसऱ्यांदा ते म्हणाले, आता मला काय म्हाईत. तिसऱ्यांदा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आणि तो तिसरा गुरुवार. ती बसमधून उतरली ती हसतच. ‘एक्स’चा शब्द मिळाला म्हणाली, दोन वर्षांनी मिळाला. लेकीकडे चांगलंचुंगलं खाऊन आली म्हणून खुशीत आहे, असं त्यांनी धरलं. कुठे मिळाला ते विचारलं नाही.

जागा ओळखायला त्यांना आता काहीच वेळ लागला नाही.

६

सकाळच्या बसने ते सरळगावमार्गे मुरबाडला गेले. रविना मागच्या पडवीत वाल सोलत होती. बापाच्या हातातली पिशवी तिने बघितली आणि वाल तसेच राहिले.

"बसा," ती म्हणाली. "पानी आनते."

"पानी नको. कंचा दवाखाना?"

ती कुंपणाकडे बघायला लागली. तिकीट नसलेल्या माणसासारखी. मग हळूहळू बोलली.

"कल्याणच्या पुढं. मोठा हाये. आईला चढावर दम लागायचा, मी बळंच नेली. हृदयातला एक पडदा नीट मिटत नव्हता. डॉक्टर म्हनले, ऑपरेशन केलं तर बाई बरी व्हईल."

"मला सांगितलं नाय."

"तुमी काळूकाकाच्या वक्ताला काय बोललाव ते आठवा."

जयरामना आठवायची गरज नव्हती. थोरला भाऊ काळूराम तीन वर्षांपूर्वी पोटाच्या ऑपरेशनला आत गेला तो बाहेर आला नाही. जयराम चार दिवस जेवले नव्हते. वत्सलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, माझ्या घरात परत कुनाच्या अंगाला सुरी लावू देणार नाय. ऑपरेशनचं नाव काढायचं नाय.

"आईनं मला शपथ घातली," रविना म्हणाली. "म्हनली, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवलाय, मी आपून होऊन तो विषय काढनार नाय. पन मी रोज वहीतला शब्द विचारीन. त्यांनी ओळखलं, तर समजायचं त्यांचं मन तयार झालं. मग करू ऑपरेशन. मी म्हनलं, आई, हा काय खेळ हाये? ती म्हनली, ते हुशार हायेत, ओळखतील."

पडवीत कोंबडं फिरत होतं. त्याने सोललेल्या वालात चोच घातली. दोघांपैकी कुणी त्याला हाकललं नाही.

"मी दर गुरुवारी वाट बघायची," रविना म्हणाली. "वाटायचं आज फोन येईल. बाबा, मी शपथ मोडायला पायजे होती. शपथ मोडल्यानं कोन मरत नाय. न मोडल्यानं आई गेली."

"म्हनून वही लपवलीस?"

"तुमी ती कधी ना कधी वाचली असती. आईनं तुमाला अकरा शब्दांत विचारलं व्हतं, हे तुमाला कळलं असतं. माझ्यापुरतं मी सोसंन. तुमाला कशाला?" ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "जाळनार व्हते. चुलीपातुर नेली पन. तिचं अक्षर बघितलं आणि हात गेला नाय. म्हनलं देवाजवळ ठेवावी, तेराव्याला घरी न्यावी."

जयरामकडे रागावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. तो डोक्यावर ठेवायचा, तर तसा हात एकदा कुणाच्या डोक्यावर ठेवून काय झालं ते त्यांना आठवलं. त्यांनी तो तिच्या खांद्यावर ठेवला.

"तुझी चूक एक. माझ्या अकरा," ते म्हणाले. "वाल सोल."

परतीच्या बसमध्ये कंडक्टर ओळखीचा निघाला. तिकीट नको म्हणाला. जयरामनी घेतलं. किन्हवलीला उतरले तेव्हा चार वाजत आले होते. प्रणित आणि प्रियांका वासिंदला परत जायला निघाली होती. वही सापडली एवढंच त्यांनी दोघांना सांगितलं. कुणी ठेवली होती विचारल्यावर म्हणाले, पोथ्यांत गेली होती. प्रियांकाने त्यांच्याकडे बघितलं आणि आधण ठेवलं. चहा तेवढा करून गेली.

जयरामनी पेन घेतलं आणि ‘के’चं पान उघडलं. टोकनच्या पुढे दवाखाना लिहायचा, एवढंच होतं. पेन टेकलं. पण उत्तर वहीत जायचं ते ती "बरोबर" म्हणाल्यावर. त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने दिशा आली. म्हणाली, "काका, सापडली ना? पोरांना एकदा दाखवू?"

"काकू काय बोलली होती तुला?"

"उजवी बाजू पुरी झाली की."

"मंग ती अजून झाली नाय," जयराम म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही पिशवीत घालून खुंटीला टांगली. भूगोलाची वही माळ्यावर ट्रंकेत परत गेली. वत्सलाच्या वहीत अकरा शब्दांपुढे उत्तर लिहायचं राहिलेलं आहे.